पाण्याची परवानगी

उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, उन्हाने अंगाची लाही होत असते, आणि तरी पाण्यात पाऊल टाकायचं नसतं. नोव्हेंबर ते मे या पाण्यात बॉक्स जेलीफिश तरंगतात, काचेसारख्या आरपार आणि जीवघेण्या. खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातली मगर असते, ती बाराही महिने. इशाऱ्याच्या पाटीवर इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही ‘आख्तुंग’ असं बजावलेलं. मगरीला भाषेचा भेद नसावा. केर्न्समध्ये भाड्याची कॅम्परव्हॅन ताब्यात घेताना ताईने सांगून टाकलं, “पाणी दिसलं की आधी पाटी वाचायची, मग चप्पल काढायची.” तिची निम्मी हयात ब्रिस्बेनमध्ये गेली आहे, तेव्हा ऐकणं भाग होतं.

भावोजी मूळचे सांगलीचे. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे ते खुशीत होते. ब्रूस हायवेच्या दुतर्फा ऊस, आणि दोन फुटी रुळांवरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या वाघिणी. फाटकाशी गाडी थांबली की ते काच खाली करून उसाची जाडी बघत. टली या ऊस पिकवणाऱ्या गावात ७.९ मीटर उंचीचा गमबूट उभा केलेला आहे, कारण १९५० साली तिथे तेवढा पाऊस पडला होता. आंबोलीकरांनीही मान डोलवावी असा आकडा.

असाच पाऊस बेलेंडन केर आणि बार्टल फ्रिअर या डोंगरांवर कोसळतो आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून खाली येतो. पोहायचं ते इथे, मगरीच्या वर आणि ढगाच्या खाली. तरी इथलंही पाणी सरसकट आपलं नव्हे. बाबिंडाच्या ओढ्यात वरच्या अंगाला संथ, हिरवा डोह आहे. तिथे मुलंबाळं डुंबत असतात. थोडं खाली तोच ओढा धोंड्यांच्या फटीत शिरतो आणि तिथे उतरायला सक्त मनाई. यिडिन्जी लोकांच्या कथेत, लग्न एकाशी आणि जीव दुसऱ्यावर अशी ऊलाना नावाची तरुणी ताटातूट होताच या पाण्यात झेपावली, आणि तिच्या आकांताने धोंडे उसळून वर आले. ती अजून साद घालते म्हणतात. आपल्याकडे डोहाच्या काठी शेंदूर लावलेल्या सातीआसरांसमोर म्हाताऱ्या माणसांनी मागे ओढलेला हात मला आठवला. इथे खरोखरच अनेकजण बुडाले आहेत. कथा आणि पाटी एकच गोष्ट सांगत असतील, तर मी कथेला जास्त मानतो. तिच्यात मेलेल्याचं दुःखही असतं.

घाट चढून ॲथर्टनच्या पठारावर आलो की हवा बदलते. कुरणं, गाई, मध्येच जंगलाचा एखादा गच्च तुकडा, आणि मिला मिलाचा धबधबा. अठरा मीटरांची एकसंध धार, दोन्ही बाजूंना ट्री फर्नच्या छत्र्या. कडा बेसॉल्टचा, सह्याद्रीसारखाच काळा आणि खांबाखांबांनी चिरलेला, फक्त वयाने कितीतरी लहान. इथे पोहायला परवानगी होती. पाणी असं गार की पहिल्या डुबकीला तोंडून ‘हर हर गंगे’ निघालं, आणि काठावरच्या दोन फ्रेंच मुलींनी दचकून पाहिलं. धारेच्या जवळ जाऊ तसं पाणी आपल्याला मागे लोटतं. सरळ गेलं तर जमत नाही, कडेकडेने जावं लागतं. मग एकदम धारेच्या पाठीमागे आपण येतो. तिथे शेवाळलेल्या दगडाला पाठ टेकवून बसलं की बाहेरचं हिरवं जग लोलकातून पाहावं तसं वितळत राहतं. आवाज इतका की मनातला विचारही ऐकू येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात मला क्वचितच असं मुकाट बसता आलं आहे.

पण या पठाराची खरी गोष्ट त्याच्या तळ्यांत आहे. ईचम हे तळं म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेला खड्डा, गोल आणि खोल. इथले मूळ रहिवासी त्याला यिड्याम म्हणतात. नव्याने दीक्षा घेतलेल्या दोन तरुणांनी निषिद्ध काहीतरी केलं, इंद्रधनुषी सर्प कोपला. जमीन गडगडली, कधी न पाहिलेल्या रंगाचा लाल ढग आला, तळ फाटला आणि वस्तीला घेऊन खाली गेला, अशी त्याची जन्मकथा. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी ती १९६४ साली टिपून घेतली. सांगणाऱ्याने जाता जाता एक गोष्ट जोडली होती: हे घडलं तेव्हा इथे जंगल नव्हतं, मोकळं माळरान होतं. पुढे तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले गेले, आणि या भागात वर्षावन आलं ते सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी, असं निघालं. स्फोट त्याआधीचा, दहा हजार वर्षांमागचा. म्हणजे तीनचारशे पिढ्यांनी एक तपशील हातातून निसटू दिला नव्हता. त्या तळ्यात मी पोहलो, पण हात जरा जपूनच मारले.

प्लॅटिपसबद्दल थोडक्यात. युंगाबुराच्या ओढ्यावर संध्याकाळी तो दिसला: आधी बुडबुड्यांची माळ, मग तपकिरी पाठ, चपटी चोच, आणि पुन्हा बुडबुडे. पाण्याखाली हा प्राणी डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि भक्ष्याच्या स्नायूंतली वीज चोचीने टिपतो. सस्तन असून अंडी घालतो. अशा प्राण्यासमोर आपण आपल्या व्याख्या आवरत्या घ्याव्यात.

मग उत्तरेला डेन्ट्री. नदीवर पूल नाही. दोराने ओढली जाणारी फेरी व्हॅनसकट पलीकडे नेते, आणि मोबाइलची रेंज हळूहळू सुटते. हे जंगल जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांत गणलं जातं. १९८८ मध्ये ते जागतिक वारसा झालं, आणि २०२१ मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यालांजी लोकांकडे परत आली. हिमयुगाच्या कोरड्या काळात वर्षावनं आक्रसून ओल्या डोंगरांच्या आडोशाला गेली होती. पाऊस परतला तशी तीही उतरली, पठारावरच्या तळ्यांपर्यंत. झाडाला पाय नसतात. मग मोठमोठ्या बिया वाहिल्या कुणी?

उत्तर रस्त्यातच उभं होतं. माणसाएवढा उंच कॅसोवरी, निळी मान, गळ्याला लाल लोळ्या, डोक्यावर शिरस्त्राण, आणि मागे पट्ट्यापट्ट्यांची तीन पिल्लं. भावोजींनी इंजिन बंद केलं. हा बाप, अंडी उबवणं आणि नऊएक महिने पिल्लं सांभाळणं हे काम इथे नराचं. पायाच्या आतल्या बोटाला सुऱ्यासारखी नखी असते, म्हणून कुणीही खाली उतरलं नाही. फळं तो सबंध गिळतो. गर पचतो, बी शाबूत राहते आणि दूर जाऊन पडते.

अशी बी आम्हाला सकाळी मुक्कामाजवळच्या पायवाटेवर सापडली. ताटभर पसरलेली, जांभळट, आंबूस वासाची विष्ठा, आणि तिच्यात खडबडीत, गोल, तपकिरी आठळ्या. ब्लू क्वांडाँगच्या. हे झाड आपल्या रुद्राक्षाचं इतकं जवळचं की काही वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकच मानतात. फळही तसंच निळंभोर. ताई उकिडवी बसली, काडीने एक आठळी वळवली आणि तिच्यावरच्या रेघा मोजू लागली.

“पंचमुखी आहे गं,” ती मलाच म्हणाली. घाईत ती अजून मला लहानपणीसारखं मुलगीच करते. “आईच्या माळेला एक घेऊ?”

“उद्यानातून काही उचलायचं नाही,” भावोजी म्हणाले. “पाटी वाचलीस ना?”

तिने काडी टाकली, उभी राहिली आणि सवयीने एक हात छातीला लावून नमस्कार केला. नक्की कुणाला, ते मी विचारलं नाही. पोहे करायचे होते आणि गॅस संपत आला होता.