नववी पायरी

माझ्या पहिल्या नोकरीत लॅपटॉपसोबत मला एक वही मिळाली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. आधीचा मुलगा नोकरी सोडताना म्हणाला, ‘साइट लाइव्ह करताना हे बघून कर.’ आत ११ पायऱ्या होत्या. सासच्या फाइलींचं सीएसएस करायचं, जावास्क्रिप्टच्या फाइली जोडून मिनिफाय करायच्या, एचटीएमएलमध्ये त्या फाइलीच्या नावापुढचा आकडा एकाने वाढवायचा, मग एकेक करत एफटीपीने सर्व्हरवर चढवायचं. नवव्या पायरीला फक्त ‘चहा पिऊन ये’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, गंमत.

२०१९ मधल्या एका शुक्रवारी मी तो आकडा वाढवायला विसरलो. एचटीएमएल नवं गेलं, पण लोकांच्या ब्राउझरने साठवलेलं जुनंच जावास्क्रिप्ट वापरलं. दोन दिवस लोक क्लायंटच्या चौकशी फॉर्मचं बटण दाबत होते आणि काहीच होत नव्हतं. माझ्याकडे सगळं ठीक दिसत होतं, कारण डेव्हटूल्समध्ये माझी कॅश कायम बंद. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी माझं नाव घेतलं नाही, पण बघत सगळे माझ्याकडेच होते. प्रोबेशनचे दोन महिने बाकी होते.

त्या रात्री गल्प शिकायला बसलो. रूममेट म्हणाला, ‘आता कोण गल्प वापरतं? वेबपॅक घे.’ पण माझं दुखणं बंडलिंगचं नव्हतंच, वहीचं होतं. गल्पमध्ये साधी फंक्शन्स लिहायची: फाइली इथून उचल, पाइपमधून ने, तिथे ठेव. सोपं वाटलं. चालवलं तर लाल अक्षरांत, ‘टास्क फंक्शन मस्ट बी स्पेसिफाइड’. पाऊण तासाने कळलं की मी बघत होतो ते ट्युटोरियल तिसऱ्या आवृत्तीचं आणि मशीनवर चौथी. तिसरीत आधीच्या कामांची यादी नुसती कंसात द्यायचो. चौथीत ‘सिरीज’ की ‘पॅरलल’ हे स्पष्ट सांगावं लागतं.

मग दुसरी एरर. सीएसएस तर तयार झालं, पण पुढचं काम सुरूच होईना. ‘डिड यू फरगेट टू सिग्नल असिंक कम्प्लीशन?’ फंक्शनमध्ये ‘रिटर्न’ लिहायचं राहिलं होतं. काम संपलं हे गल्पला कळलंच नव्हतं. मी पुण्याला पोचायचो आणि फोन करायला विसरायचो तेव्हा आई अशीच ताटकळायची.

पहाटेपर्यंत सगळ्या पायऱ्या कोडमध्ये आल्या, नववी सोडून. अपलोड मी ‘पॅरलल’मध्ये टाकलं, तेवढाच वेळ वाचेल म्हणून. तरी चालवायच्या आधी राहवलं नाही. सकाळी त्या मुलाला फोन केला आणि चहाचं विचारलं.

तो हसला. ‘अरे, त्या सर्व्हरवर अपलोड रखडतं. जेएस पूर्ण चढायच्या आधी एचटीएमएल गेलं, तर ब्राउझर नवा आकडा बघून मागणी करतो आणि त्याला जुनीच फाइल मिळते. मग ती तो नव्या आकड्याखाली साठवून ठेवतो. पुढचा रिलीज होईपर्यंत बस बोंबलत. एकदा झालंय माझ्याकडून.’

‘मग लिहिलं का नाहीस?’

‘लिहिलं की. चहा.’

‘पॅरलल’ खोडून ‘सिरीज’ केलं. वर कॉमेंट टाकली: एचटीएमएल सगळ्यात शेवटी, कारण विचारायचं असेल तर मला फोन कर.

पुढच्या शुक्रवारी एंटर दाबलं आणि सवयीने खाली टपरीवर गेलो. वर आलो तेव्हा टर्मिनलवर शेवटची ओळ ‘फिनिश्ड’ अशी होती. तरी फोनवरून, मोबाइल डेटा लावून, ते बटण चार वेळा दाबून पाहिलं.