शेवट सांगू नका

संध्याकाळी सहाच्या सुमारास वाचनालयात पुस्तकं बदलणाऱ्यांची गर्दी होते, तेव्हा काउंटरजवळ उगाच रेंगाळावं. 'कसं आहे हो हे?' असं कुणी विचारलं, की परत करायला आणलेलं पुस्तक माणूस लगेच हातातून सोडत नाही. मलपृष्ठ उलटून बघतो, जरा थांबतो. सामाजिक कादंबरी असेल तर सगळं कथानक सांगून मोकळा होतो. रहस्यकथा असली की मात्र पंचाईत! जे सर्वांत आवडलं, नेमकं तेच सांगायचं नाही. मग 'एका बैठकीत संपवलं', 'मध्ये पाणी घातलंय', 'शेवट गुंडाळला' अशा ठेवणीतल्या शब्दांवर भागवावं लागतं.

काही वाचक लेखी मत देतात. जुन्या बांधणीच्या एका पुस्तकात सतराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'खुनी माळी आहे.' खाली वेगळ्या अक्षरात, 'थापा. वाचत राहा.' आणि त्याही खाली, ठसठशीत बॉलपेनाने, 'पुस्तकात लिहू नये.'

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. ते काम वाचकांनी परस्पर उरकलं. त्यांच्या नायकांत झुंजार सरस की काळा पहाड, यावर एकेकाळी तावातावाने बोलणारे आज आजोबा झालेत. त्यातल्या कुणाला आज कथानक विचारलं तर धड आठवत नाही. कुठल्या जिन्यात बसून ते वाचलं आणि पुस्तक कुणी हिसकावून घेतलं, हे मात्र लख्ख आठवतं. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचं आज नाव काढलं की पोरं 'दुनियादारी' म्हणतात, कारण २०१३ साली त्यावर सिनेमा आला. शिरवळकरांचा नायक दारा बुलंद म्हटलं की डोळे चमकतात ते या पोरांच्या आधीच्या पिढीचे.

खरी जुंपते ती भयकथाकार नारायण धारपांवरून. 'लुचाई' परत करताना कुणी म्हणतो, 'झोप उडाली.' शेजारचा इंग्रजी वाचणारा लगेच सांगतो, की हे स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलंय, आणि 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून. यावर पहिल्याचं उत्तर ठरलेलं: 'असेल. माझी झोप धारपांनी उडवली.' दोघांचंही खरं आहे, पण पहिल्याचं जरा जास्त. अमेरिकेतल्या मेनमधल्या गावची भीती मराठी घराच्या माळ्यावर आणून ठेवायची, आणि वाचणाऱ्याला रात्री पाणी प्यायला उठणं जड व्हावं, हे नुसत्या उसनवारीने साधत नाही.

शिवाय ऐकीव गोष्टीतूनही काय उभं राहतं, पाहा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली होती. म्हणजे वाचलेल्या माणसाने न वाचलेल्याला सांगितली, एवढंच. तिने घातलेली भीती बर्व्यांच्या डोक्यातून गेली नाही, आणि २०१८ साली 'तुंबाड' पडद्यावर आला. आपण काउंटरवर बोलतो ते वाऱ्यावर जातं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

त्या सिनेमाने वाचनालयांत एक गोंधळही करून ठेवला. गोष्टीचं बीज धारपांचं असलं तरी नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. ही कोकणातल्या एका घराण्याची कादंबरी, दोन जाडजूड खंडांची. सिनेमा पाहून आलेला कॉलेजातला मुलगा 'तुंबाडचं पुस्तक' मागतो, आणि त्याच्या हातात पहिला खंड पडतो.

असाच एक जण पंधरा दिवसांनी परत आला. पुस्तक काउंटरवर ठेवत, जरा फसवल्यासारखं तोंड करून म्हणाला, 'यात सिनेमातला हस्तर नाही.'

ग्रंथपालबाई हसल्या. त्यांनी धारपांचा एक कथासंग्रह काढून पुढे केला. मुलाने तो घेतला, चाळला, पिशवीत टाकला.

'आणि याचा दुसरा खंड आहे का?' त्याने विचारलं.