नाणेघाट व्हाया पेट्री डिश

वीकेंडला जुन्नर म्हटलं की आपली यादी ठरलेली. शिवनेरी, लेण्याद्री, नारायणगावला चहा आणि रात्रीपर्यंत घर! यावेळी ग्रुपमध्ये एक मैत्रीण होती. परदेशातली रिसर्च फेलोशिप करतेय, सुट्टीवर आलेली. विषय? नक्षीदार पॉलिमरवर पेशी कशा वागतात.

‘म्हणजे नक्की काय करतेस गं?’ याचं उत्तर मिळालं थेट नाणेघाटात. सातवाहनांच्या काळात कातळ फोडून काढलेली ही चिंचोळी वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल इथूनच जुन्नरकडे चढायचा. ‘एवढा डोंगर, पण सगळे या खाचेतूनच गेले ना? पेशींचंही तसंच,’ ती म्हणाली. पॉलिमरवर केसाहून बारीक खाचा पाडल्या, की बऱ्याच पेशी त्या दिशेनं लांबट होतात आणि त्याच रेषेत सरकतात. तुटलेल्या मज्जातंतूला पुन्हा वाट दाखवायची, तर हे कळायलाच हवं.

त्याहून भन्नाट गोष्ट हार्वर्डची. १९९७ साली तिथल्या संशोधकांनी रबरासारख्या पॉलिमरच्या शिक्क्यानं पेशींसाठी चिकट ठिपके छापले. ठिपका मोठा, तर पेशी पसरून जगली. ठिपका अगदी छोटा, तर मेली. खाऊपिऊ तेच, फरक फक्त पाय पसरायला मिळालेल्या जागेचा!

दुसऱ्या दिवशी डिंभे धरणावर मात्र ती गप्प झाली. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. तिच्या आजीचं घर त्या जुन्या गावातलं. आजीला नवीन जागी रुजायला वर्षं लागली म्हणे. फेलोशिप संपली की हिच्यापुढेही तोच प्रश्न. तिथली सुसज्ज लॅब, की पुणं? पॉलिमरचं काम पुण्यातही होतं, १९५० पासूनची एनसीएल आहेच. पण जागा मिळायला हवी ना!

‘पेशीला चॉइस नसतो,’ ती पाण्याकडे बघत म्हणाली. ‘मला आहे, तोच प्रॉब्लेम आहे.’

कसं जाल? पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगाव, तिथून जुन्नर. पुण्याहून सुमारे ९५ किमी. नाणेघाट जुन्नरपासून आणखी ३० किमीच्या आसपास. डिंभ्यासाठी मंचरहून भीमाशंकर रस्ता धरा. पावसाळ्यात घाटातले दगड निसरडे होतात, चांगल्या ग्रिपचे शूज मस्ट!