खांद्याखालची निळी रेघ

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून दहा दिवस झाले होते. थेंबांच्या वेळा सांभाळत घरात बसून तो कंटाळला होता. कपाटाचा खालचा खण उघडून त्याने वेताळाची, म्हणजे ‘फँटम’ची, कॉमिक पट्टी बाहेर काढली. चित्रकार साय बॅरीच्या काळातली, तीन चौकटींची, ब्रिस्टल बोर्डवर शाईने काढलेली मूळ पट्टी. ती त्याच्याकडे येऊन तेवीस वर्षं झाली आणि तिच्यावरचा डागन् डाग त्याला पाठ आहे. कोपऱ्यात टाचणीचं भोक, वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेटच्या नावाची चिठ्ठी जिथे चिकटवली होती तिथला गोंदाचा तपकिरी ठसा, दुसऱ्या चौकटीत एक फांदी बुजवायला दिलेला पांढरा रंग. त्या सकाळी मात्र तिसऱ्या चौकटीत, वेताळाच्या खांद्याखाली, त्याला एक फिकट निळी रेघ दिसली. मग तिच्या पुढची. मग मानेपासून कोपरापर्यंत अख्खा दुसरा खांदा, शाईतल्या खांद्यापेक्षा गव्हाच्या दाण्याइतका खाली.

त्याने बोर्ड खिडकीपाशी नेला. टॉर्च आडवा धरला. पेन्सिलीचा दाब कागदात उतरलेला होता. भास नव्हता.

छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर फिकट निळा रंग उमटत नाही, म्हणून पट्टी काढणारे निळ्या पेन्सिलीने आराखडा करत. खोडायची गरज नसे. आणि मोतीबिंदूने पिवळ्या पडलेल्या डोळ्याच्या भिंगातूनही नेमका हाच रंग आधी हरवतो. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून निवडलेला रंग त्याच्या डोळ्यालाही दिसेनासा झाला होता. पण एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. पट्टी घेतली तेव्हा त्याचे डोळे धड होते. रेघ तेव्हाही तिथेच होती. त्याने ती पाहिली नाही, कारण तो शाई पाहत होता आणि शाईवरून हात ओळखता येतो या अभिमानात होता.

ओरिजिनल जमवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आहे ते या ‘हात ओळखण्या’मुळेच. वेताळाच्या पट्टीत तेच सगळ्यांत अवघड. १९३६ साली ली फॉकने ही मालिका सुरू केली तेव्हा चित्रं रे मूर काढत होता, नंतर विल्सन मॅकॉय आला. १९६१ साली मॅकॉय गेल्यावर रोजची पट्टी बॅरीकडे आली आणि १९९४ पर्यंत राहिली. तेहतीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, वर रविवारचं रंगीत पान. एकट्या माणसाला हे झेपणारं नाही. बॅरीच्या टेबलाशेजारी मदतनीस होते. त्यांतला जॉर्ज ओलेसन पेन्सिलीचं काम करी, आणि बॅरी निवृत्त झाल्यावर रोजची पट्टी त्याच्याच नावाने निघू लागली. म्हणजे सही बॅरीची असली तरी तिच्या खालचा खांदा कोणाचा, हे सही सांगत नाही.

ही रीतच होती. अल कॅपच्या ‘लिल ॲबनर’च्या रविवारच्या पानांवर फ्रँक फ्राझेटाने कित्येक वर्षं पेन्सिल चालवली. पुढे मोठा चित्रकार म्हणून त्याचं नाव झालं, पण त्या पानांवर सही कॅपचीच राहिली. आपल्याकडे ‘सकाळ’मध्ये १९९१ साली ‘चिंटू’ सुरू झाला तेव्हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन्ही नावं वाचकांसमोर आली, हे त्याला फार मोलाचं वाटतं. या बाबतीत शुल्झचा संग्राहक भाग्यवान. त्याची ‘पीनट्स’ १९५० ते २००० चालली. जवळपास अठरा हजार पट्ट्या झाल्या आणि रेघ, शाई, अक्षरं, सगळं त्या एकाच माणसाचं. म्हातारपणी शुल्झचा हात कापू लागला. ती थरथर त्याच्या रेघेत उतरली, ती त्याने लपवली नाही आणि पेन दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. तिथे ‘कोणाचा हात’ हा प्रश्नच उरत नाही.

वेताळाच्या बाबतीत तो सुटत नाही. निळा खांदा दिसल्यापासून रोज रात्री तो तेच प्रश्न घोळवत बसतो. खांदा मदतनिसाने काढला आणि बॅरीने शाई देताना वर उचलला? की बॅरीनेच आधी खाली काढला आणि ब्रश हातात घेतल्यावर त्याचं मन बदललं? निळ्या पेन्सिलीचा आणखी एक उपयोग असे: राखाडी छटा कुठे भरायची हे ब्लॉक बनवणाऱ्याला दाखवायला त्या जागा निळ्याने रंगवत. पण तशी खूण सपाट असते, सरसकट घासलेली. ही बाह्यरेषा आहे, आणि ती खालून वर ओढली आहे. त्याच्याकडच्या दुसऱ्या पट्टीत वेताळाच्या प्रेयसीच्या, डायनाच्या, केसांखाली निळं सापडलं, तेही नव्या डोळ्याला. तिथले फटकारे आखूड आणि वरून खाली आहेत. दोन हात असतील. एकाच हाताचे दोन दिवसही असतील.

लहानपणी साताऱ्यात त्याने हा वेताळ इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचला. १९६४ साली सुरू झालेल्या त्या अंकांत मूळ पट्ट्या कापून, जोडून पानात बसवलेल्या असत. मूळ कथेतलं बंगाला तिथे डेंकाली झालं होतं. त्याने जपलेल्या एका अंकात हीच चौकट आहे आणि ती नेमकी खांद्याशीच छाटली आहे. तिथून काही कळायची आशा नाही.

हल्ली लिलावात बोली लावणाऱ्यांविषयी तो कडवट बोलतो. प्रत्येक चौकटीत वेताळ हवा, मुखवटा समोरून हवा, कवटीची अंगठी दिसली तर उत्तमच. नुसत्या जंगलाची चौकट असलेली पट्टी कोणी विचारत नाही, आणि बॅरीचा ब्रश तर जंगलातच खुलतो! काहीजण ओरिजिनल दिवाणखान्यात उन्हासमोर टांगतात. ह्याच्या घरी पावसाळ्याचे चार महिने खणात सिलिका जेलच्या पुड्या असतात, कसर लागली का हे दर रविवारी पाहिलं जातं. जुन्या काळी तर सिंडिकेटनाच या बोर्डांची किंमत नव्हती. ‘बीटल बेली’चा मॉर्ट वॉकर सांगत असे की, ‘क्रेझी कॅट’ची मूळ चित्रं गळणाऱ्या पाण्याखाली जमिनीवर अंथरलेली त्याने पाहिली होती. वॉकरने १९७४ साली व्यंगचित्रांचं संग्रहालय काढलं. आता पुष्कळशा पट्ट्या टॅब्लेटवरच निघतात आणि संग्राहकाच्या हाती प्रिंट येते. प्रिंटखाली निळा खांदा नसतो. याचं त्याला मनापासून दुःख आहे.

चार वर्षांपूर्वी त्याने ठाण्याच्या एका तरुणाला बॅरीचीच दुसरी एक पट्टी विकली होती. सोबत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी दिली: ‘पेन्सिल व शाई, दोन्ही साय बॅरी.’ तरुणाने ती मागितली नव्हती. खाली स्वतःची सही करायला मिळावी म्हणून याने ती लिहिली, हे तो आता कबूल करतो. निळी रेघ दिसल्यावर दोन रात्री त्याला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला. पट्टी परत घेतो, पैसे परत देतो म्हणाला.

“काका, अहो राहू द्या,” तो मुलगा म्हणाला. “मी वेताळासाठी घेतली होती. पेन्सिल कोणाची, हे तुम्हीच सांगितलंत. मी कुठे विचारलं होतं?”

मुलगा प्रेमाने बोलला होता. तरी ते लागलं. संध्याकाळी त्याने नवी चिठ्ठी लिहून कुरियरने पाठवली: ‘शाई बॅरीची असावी. पेन्सिल कोणाची ते मला सांगता येत नाही.’ सही केली. आपल्या सहीनिशी असं वाक्य त्याने पूर्वी कधी दिलं नव्हतं.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, केव्हाही या. घरचे दिवाळीच्या आत उरकून घ्या म्हणून मागे लागले आहेत. रात्री जेवणं झाली की तो बोर्ड दिव्याखाली ठेवतो आणि उजवा डोळा तळहाताने झाकतो. कागद पिवळा आणि खांदा एकच, तेवीस वर्षं होता तसा. मग हात डाव्या डोळ्यावर नेतो. कागद पांढरा होतो आणि दुसरा खांदा वर येतो. डाव्या डोळ्यासाठी दिवाळीनंतरची तारीख मिळेल का, हे त्याने कालच फोन करून विचारलं.