पुढे वीस, मागे अठरा

सायकल बिघडायच्या आधी बोलते. चेन सुकली की किरकिरते, ब्रेकचं रबर संपलं की किंचाळते. चाकातले छर्रे गेले की आवाज वेगळाच येतो, जात्यात खडा सापडल्यासारखा, खर्र खर्र. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवला की आत कणीकणी हाताला लागते.

नातीची सायकल गेल्या श्रावणात अशी बोलायला लागली. जुनी गिअरची सायकल, जाड नक्षीच्या टायरची. पुतण्यानं पुण्यात शिकताना घेतली होती. नोकरी लागली, मोटारसायकल आली, तशी ही आमच्या गोठ्यात येऊन पडली. नात दहावीला. शाळा सात किलोमीटर. एसटी आहे, पण जाताना शाळेच्या दोन तास आधी आणि येताना दिवेलागणीला. वाटेत ओढा. फरशीवरून पाणी गेलं की पोरगी चाकं बुडवत यायची. त्या पाण्यानंच आतलं ग्रीस धुऊन नेलं.

तालुक्याच्या एका दुकानात दाखवली. त्यानं चाक हलवलं न् म्हणाला, "आजोबा, हब गेलाय. हिच्यात पैसे घालू नका, नवी घ्या." सोयाबीन अजून रानात उभं, नवी कुठनं घेणार? घरात बोलणं सुरू झालं. पोरीला मामाकडं ठेवायची, का दिवाळीपर्यंत घरीच बसवायची? दहावीचं वर्ष. पोरींची एकदा सुटलेली शाळा परत धरली जात नाही, हे आमच्या आळीत मी बघितलेलं आहे. म्हटलं, आधी खोलून तर बघू.

बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील सायकलवर खडी फोडायच्या कामाला जायचे. सायकल थांबली तर हजेरी बुडायची. म्हणून चाकं ते स्वतः खोलायचे. मी ताटलीतले छर्रे मोजायला बसायचो. वडलांची सायकल काळी होती, ही गिअरची. पण हबाच्या पोटात रचना तीच. हबात दोन्ही बाजूंना पोलादी वाटी, एक्सलवर आट्यानं बसणारे दोन कोन, आणि वाटी न् कोनाच्या मधे छर्रे.

पुढचं चाक उघडलं. काळपट चिखल निघाला. डिझेलमध्ये धुऊन उन्हात धरलं. वाटी आरशासारखी होती. कोनावर मात्र चेचल्यासारखे खड्डे. म्हणजे हब गेला नव्हता, कोन गेला होता. कोनाचा घेर वाटीपेक्षा लहान, त्यामुळं मार त्याला जास्त बसतो आणि बहुतेक वेळा तोच आधी झिजतो. तो वेळेत बदलला तर वाटी वाचते. तसाच दामटला तर वाटीलाही खड्डे पडतात, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं.

जुना कोन खिशात घालून तालुक्याला गेलो, त्याच मापाचे नवे आणले. छर्रे पुढं तीन सुताचे... नाही, इंची मापात सांगायचं तर पुढं तीन-सोळांशचे, बाजूला दहा; मागं पाव इंची, बाजूला नऊ. सगळेच नवे घातले. जुन्यात दोन-चार नवे मिसळायचे नाहीत. जुने झिजून बारीक झालेले असतात, सगळा भार त्या नव्यांवरच येतो.

वाटीत ग्रीस भरायचं आणि छर्रे त्यात एकेक चिकटवत जायचं. जागा दिसते म्हणून अकरावा कोंबायचा नाही. थोडी फट राहिली पाहिजे, नाहीतर ते एकमेकांना घासतात. मग कोन हातानं टेकवायचा, किंचित मागं घ्यायचा, पातळ पान्यानं तो धरून दुसऱ्या पान्यानं चेकनट आवळायचा. खरी कसोटी इथं आहे. चेकनट आवळताना कोन अजून थोडा दाबला जातो, ते धरूनच सैल ठेवायचं. घट्ट झालं तर छर्रे चिरडतात, सैल राहिलं तर चाक लुडबुडतं. पहिल्या झटक्यात कुणालाच जमत नाही. चाक बसवून रिम आडवी हलवायची, खटखट लागता कामा नये. मग चाक उचलून सोडून द्यायचं. व्हॉल्व्हच्या वजनानं ते हळूच फिरून दोन झोके घेऊन थांबलं, की समजायचं जमलं.

नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आबा, मागचं मी करते." मी पाना तिच्या हातात दिला. मागं फ्रीव्हील काढायला लागतं. पायडल मारून मारून ते आपोआप आवळत जातं, म्हणून त्याला खास पाना आणि अंगातला जोर दोन्ही पाहिजे. तेवढं मी केलं. बाकी कोन, ग्रीस, अठरा छर्रे तिनं बसवले. चेकनट चार वेळा सोडला, पाचव्यांदा जमला. आजी म्हणाली, "अगं, हात बघ कसले काळे झालेत!" ती म्हणाली, "धुतले की जातंय."

दुसऱ्या दिवशी ती शाळेला गेली. छर्रे, कोन, ग्रीस मिळून जो खर्च आला, तो नव्या सायकलीच्या एका टायरएवढाही नव्हता. आता मिरगाच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा ती दोन्ही चाकं खोलते. परवा शेजारची पोरगी तिची सायकल घेऊन आमच्या अंगणात आली होती. मला कुणी हाक मारली नाही.