तो रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो. तो वाचता वाचता एका शिक्षकांचा आवाज बदललेला मी लहानपणी ऐकला आहे. पुढे अमेरिकेत आरोग्य-संशोधनात संख्याशास्त्राचं काम करू लागले, तेव्हा रुग्णाच्या फॉर्मवरचा ‘वंश’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मला खुपला. काढून टाका तो, असं मी प्रत्येक बैठकीत ठासून सांगायचे. एका अभ्यासातून तर मी तो हट्टानं काढायला लावला.

माझ्याकडे पुरावाही होता. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते ते काढण्याचं २००९चं सूत्र घ्या. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ने गुणायचं! प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला लागतो तो हा आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर. म्हणजे वय, क्रिएटिनिन सगळं सारखं असलेल्या दोघांपैकी गोऱ्याचा आकडा १८, त्याचा काळ सुरू; कृष्णवर्णीयाचा जवळपास २१, त्याचा नाही. २०२१मध्ये वंश वगळून नवं सूत्र आलं, तेव्हा आपलंच खरं ठरलं असं मला वाटलं.

मग २०२३च्या जानेवारीत प्रत्यारोपण केंद्रांसाठी देशभर नियम लागू झाला: जुन्या सूत्रामुळे ज्या कृष्णवर्णीय रुग्णांची नोंद उशिरा झाली, त्यांना शोधा आणि वाया गेलेला काळ त्यांच्या प्रतीक्षेत जमा करा.

शोधायचं कशावरून? त्याच रकान्यावरून.

आमच्या त्या अभ्यासातही किडनीचे रुग्ण होते. जुन्या सूत्रानं त्यांच्यापैकी किती जणांना मागे ठेवलं, हे मोजायला मी बसले. क्रिएटिनिन होतं, वय होतं, तारखा होत्या. वंश नव्हता. ज्यांच्यावर अन्याय झाला ते माझ्याच आकड्यांत होते आणि मला ते ओळखता येत नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकला होता तो गुणाकार, आणि मी दोष दिला होता रकान्याला.

आता मी हा प्रश्न विचारा म्हणते, पण वाटेल तसा नाही. नोंदणीच्या खिडकीवर चेहरा बघून खूण करणं मला मुळीच मान्य नाही. नुसतं ‘एशियन’ लिहून मराठी, कोरियन आणि फिलिपिनो माणसं एका पोत्यात भरणंही नाही. हे कप्पे सरकारनं आखलेले. रक्तात ते सापडत नाहीत. १९७०च्या इथल्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली आणि १९८०मध्ये त्यांना वेगळा कप्पा मिळाला. दहा वर्षांत कोणाचं शरीर बदललं नव्हतं.

परवा नव्या अभ्यासाचा फॉर्म तयार केला. वंशाचा प्रश्न मीच घातला. उत्तर रुग्णानं स्वतः द्यायचं, हवं तर स्वतःच्या शब्दांत, आणि नको असेल तर देऊ नये. प्रश्नाच्या वर दोन ओळी लिहिल्या: हे का विचारतो आणि याचं काय करणार. त्या ओळी लिहिताना शिक्षकांचा तो आवाज कानात होता. चार वेळा खोडून लिहिल्या.