पट्टीखालची ओळ

'घाई करू नकोस' हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही. घाई करणाऱ्याला आपण घाई करतोय हे कळतच नसतं. मुद्रितशोधनाच्या कामात हे लवकर लक्षात येतं. डोळा ओळीवरून सरळ चालत नाही, उड्या मारतो. मधली जागा मन आपल्या माहितीने भरून काढतं. त्यामुळे अवघड शब्दांतली चूक सहसा सापडते. 'कर्तृत्व'पाशी सगळेच थबकतात. चूक निसटते ती ओळखीच्या जागी. मथळ्यात, पुस्तकाच्या नावात, कधी तर खुद्द लेखकाच्या नावात. लेखकाला आपलं प्रूफ तपासायला देऊच नये, त्याला पुढचं वाक्य पाठ असतं.

ज्यांच्या हाताखाली मी हे शिकले, ते सर 'लक्ष देऊन वाच' असं कधी म्हणाले नाहीत. त्यांनी एक लाकडी पट्टी दिली. ती वाचायच्या ओळीखाली ठेवायची, पुढची ओळ दिसता कामा नये. नावं मोठ्याने वाचायची. आकड्यांची फेरी वेगळी, त्यात फक्त आकडे, मूळ प्रत शेजारी ठेवून. आणि एकदा परिच्छेद शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा, म्हणजे अर्थ मध्ये लुडबुडत नाही. उलट वाचताना 'आर्शीवाद' पकडला जातो. पण 'चिंता'वरचा अनुस्वार उडून 'चिता' झाली किंवा 'मिलन'चं 'मलिन' झालं, तर उलटं वाचून भागत नाही. ते शब्द एकटे शुद्धच असतात, संगणकही त्यांना सोडून देतो. गळलेल्या 'नाही'चंही तेच. त्यासाठी पुन्हा सुलटं, अर्थ लावत वाचावं लागतं.

हे सगळं सोवळंओवळं वाटेल. मलाही वाटायचं. मग एका औषधाच्या माहितीपुस्तिकेच्या प्रुफात '०.५ मिलिग्रॅम'च्या जागी '५ मिलिग्रॅम' दिसलं. वाक्य निर्दोष, व्याकरण चोख, खटकावं असं काहीच नव्हतं. आकड्यांच्या फेरीत मूळ प्रत शेजारी होती, म्हणून सापडलं. दहापट मात्रा.

आता पीडीएफ रात्री अकराला येते आणि सकाळी छपाईला जायची असते. पडद्यावर पट्टी धरून पाहिली, पान सरकलं की ओळ हातची जाते. म्हणून मी प्रिंट काढते. कागदाचे पैसे कोणी देत नाही.